आईने काढायची रेघ

मॅडमबद्दल चार गोड आठवणी लिहून द्या, असा मला ऑफिसातून निरोप आलाय. हॉस्पिटलची स्मरणिका निघतेय. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या ऑपरेशनला कॅमेरा धरलात, एक पान तर सहज होईल, असं निरोप घेऊन आलेली पोरगी म्हणाली. तिचा काय दोष, ती आत्ताच कामाला लागलीय. पण तिला ज्यांनी पाठवलं त्यांना मी चांगला ओळखतो. ज्यांनी मॅडमना तीन ओळींचं पत्र देऊन घरी बसवलं, त्यांनाच आता मॅडमच्या गोड आठवणी हव्यात. वर फोटो पण हवा. माझं डोकं तापतं अशाने. त्या बाईत गोड असं काही नव्हतंच, आणि मला जे लिहायचंय ते त्यांच्या एका पानात मावणार नाही.

मी ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन. हॉस्पिटल गोरेगावातलं, ट्रस्टचं. मॅडम लहान मुलांच्या सर्जन, त्यातही छातीच्या. काही मुलांच्या फुफ्फुसाचा एखादा भाग जन्मापासून बिघडलेला असतो. तिथे धड फुफ्फुस न बनता हवेच्या नाहीतर पाण्याच्या पिशव्याच बनतात. आजकाल हे मूल पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसतं आणि मूल जन्मायच्या आधीच आईबापाची झोप उडते. तेवढा भाग काढून टाकला की उरलेलं फुफ्फुस वाढतं, जागा भरून काढतं आणि पोर धावायला लागतं. पूर्वी यासाठी बरगड्यांमधून छाती उघडायचे. मॅडम तेच काम दुर्बिणीने करायच्या. बाळाच्या कुशीत तीन बारीक भोकं, एकातून दुर्बीण आत, दोनांतून विणायच्या सुयांएवढी लांब हत्यारं. दुर्बिणीला कॅमेरा जोडलेला आणि तो कॅमेरा माझ्या हातात. मॅडमची नजर समोरच्या पडद्यावर. मी जे दाखवीन तेवढंच त्यांना दिसणार.

आता एवढं ज्याच्यावर अवलंबून आहे त्याला माणूस नावाने हाक मारेल की नाही? छे. थिएटरमध्ये नावं बंद. मी 'कॅमेरा', हत्यारं देणारी सिस्टर 'हत्यार', आणि भूल देणारे डॉक्टर 'श्वास'. डॉक्टर मॅडमहून वयाने मोठे, पुढून टक्कल पडलेले, पण तेही 'श्वास'. श्वास, ह्या बाजूचं फुफ्फुस जरा थांबव. कॅमेरा, झोपलास का रे. असं दिवसभर चालायचं. डॉक्टरांनी एकदा वैतागून विचारलंच की आम्हाला नावं नाहीत का. त्यावर मॅडम म्हणाल्या, नाव घेतलं की माणसाला आपण कोण ते आठवतं, आणि आत बाळ आहे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्यांचा तो थर्मास. दुर्बिणीची थंड काच बाळाच्या उबदार छातीत गेली की तिच्यावर वाफ धरते, म्हणून ती आधी गरम सलाईनमध्ये बुडवून घ्यावी लागते. हॉस्पिटलात त्यासाठी थर्मास होते, पण मॅडमना त्यांच्या झाकणांचा भरवसा नव्हता. त्या नाहूरच्या घरून स्वतःचा स्टीलचा थर्मास आणायच्या. गाडीत बाजूच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावायच्या आणि पवईच्या ट्रॅफिकला शिव्या घालत यायच्या. आल्या आल्या तो निर्जंतुक करायला द्यायचा, हे पहिलं काम. एकदा नवीन मावशींनी तो रिकामा दिसला म्हणून त्यात सगळ्या वॉर्डसाठी चहा भरून आणला. बिचाऱ्या मावशी रडकुंडीला आल्या. मॅडमनी तो चहा प्यायला, साखर जास्त आहे म्हणाल्या, थर्मास परत धुवायला पाठवला आणि सरळ वॉर्डात गेल्या. तिथे बाळाच्या आईला सांगितलं, तुमच्या मुलीचं ऑपरेशन दीड तास उशिरा होईल, कारण आमच्या थर्मासात चहा भरला गेला. ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. तांत्रिक कारण सांगायला काय जात होतं, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, चहा हे तांत्रिक कारण नाही.

जेवणाच्या सुट्टीत मला साबुदाण्याला बसवायच्या. म्हणजे मिठाईचा रिकामा खोका, त्याला कडेने भोकं, आत दोन झाकणं, एका झाकणात साबुदाणा. मी कॅमेरा आत धरायचा आणि मॅडम लांब हत्यारांनी एकेक दाणा उचलून दुसऱ्या झाकणात टाकणार. दाणा पडला की पहिल्यापासून. माझा हात हलल्यामुळे पडला तरी पहिल्यापासून. माझा डबा गार व्हायचा, वाकोल्याहून बायकोने पहाटे उठून दिलेला डबा. मी एकदा धीर करून म्हटलं, मॅडम, मला जेवू द्या. त्या म्हणाल्या, तू जेव, पण मग उद्या आत गेल्यावर भूक लागली म्हणून हात हलवू नकोस. पण खरं सांगायचं तर दोन वर्षांनी माझा हात असा स्थिर झाला की मला स्वतःलाच नवल वाटलं. कौतुक त्यांनी कधी केलं नाही. ओरडणं कमी केलं, तेच कौतुक समजायचं.

आणि पोस्टर. हॉस्पिटलने लॉबीत एक पोस्टर लावलं. गुबगुबीत गोरंपान बाळ, कुठल्या तरी परदेशी फोटोतलं, उघडं, हसतंय, आणि खाली लिहिलेलं, 'दुर्बिणीद्वारे छातीची शस्त्रक्रिया. वेदना नाही, व्रण नाही.' मॅडम सकाळी आल्या, पोस्टरसमोर थांबल्या, पर्समधून मार्कर काढला आणि त्या बाळाच्या कुशीवर, बगलेच्या खालून मागे पाठीपर्यंत, वीतभर जांभळी रेघ ओढली. लॉबीत माणसं बसलेली. मग मार्करचं टोपण लावून वर निघून गेल्या. अर्ध्या तासात ॲडमिनिस्ट्रेटर साहेब आमच्या मजल्यावर. मॅडम हात धूत होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, चार-पाच मुलांची मला छाती उघडावी लागलीय, त्यांच्या आया याच लॉबीत बसतात.

ही रेघ म्हणजे मॅडमचं खरं खूळ. इतर सर्जन कागदावर सही घेतात, 'गरज पडल्यास छाती उघडावी लागेल'. फॉर्म इंग्रजीत, आईबाप घाबरलेले, जिथे बोट ठेवाल तिथे सही करतात. मॅडम सही घ्यायच्याच, पण त्या म्हणायच्या, सही कागदावर होते, मूल कागदावर नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्या वॉर्डात जायच्या. मूल आईच्या मांडीवर, जागं. मॅडम बोटाने दाखवायच्या, दुर्बिणीने नाही जमलं तर मी इथून इथपर्यंत कापणार. मग तो जांभळा मार्कर आईच्या नाहीतर बापाच्या हातात द्यायच्या. रेघ तुम्ही काढा.

मी किती आयांना रडताना पाहिलंय. पोर गुदगुल्या होतात म्हणून हसतं, आणि आईच्या डोळ्यांतून धारा. एका बापाने मार्कर फेकून दिला होता. मॅडमनी तो उचलला, परत त्याच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसून राहिल्या. वीस मिनिटं. शेवटी त्याने काढली. मला संताप यायचा. घरी येऊन मी बायकोला म्हणायचो, माणसं आधीच मेल्यासारखी झालेली असतात, हिला त्यांच्या हातून आणखी ते करून घ्यायचंय. ट्रस्टींकडे तक्रारी जायच्याच. आपण दुर्बीण सांगून माणसं बोलावतो आणि ही बाई त्यांना पहिल्याच दिवशी सुरी दाखवते, असं साहेब म्हणायचे. त्यात ज्या बाळाला काही त्रास नाही त्याला मॅडम सरळ परत पाठवायच्या, वर्षाचं झालं की आणा, आत्ता घाई नाही. टॉवरमधली मोठमोठी माणसं तारीख ठरवून यायची आणि मॅडम त्यांना घरी घालवायच्या. एकूण काय, साहेबांना बाई नकोशीच झाली होती. त्यांना फक्त निमित्त हवं होतं.

ते मी दिलं.

सुमेध नावाचा मुलगा, चौदा महिन्यांचा. डावीकडच्या फुफ्फुसाचा खालचा भाग बिघडलेला, त्यात एकदा न्यूमोनिया होऊन गेलेला. आई भांडुपला एका शाळेत लॅब असिस्टंट. बाप टेम्पो चालवायचा. ऑपरेशनच्या सकाळी बाप रक्ताच्या पिशवीसाठी ब्लड बँकेत गेला होता, म्हणून आई एकटीच. मॅडमनी तिला बोटाने जागा दाखवली, मार्कर हातात दिला, आणि तेवढ्यात त्यांना नवजात बाळांच्या वॉर्डातून तातडीचा फोन आला. जाताना मला म्हणाल्या, रेघ झाली की घेऊन ये.

सुमेधची आई मार्कर धरून बसली. टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. पाच मिनिटं झाली, सात झाली. मी म्हटलं, ताई, घाबरू नका. ही मॅडमची जुनी सवय आहे, दुसरं काही नाही. मी इतकी वर्षं बघतोय, दुर्बिणीनेच होतं. द्या तो पेन इकडे. आणि मी रेघ काढली. सुमेध हसला. त्याच्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून जरा हसली. थँक्यू भाऊ, म्हणाली. उघडाव्या लागलेल्या त्या चार-पाच छात्या मला त्या वेळी आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या होत्या. मी त्या बाजूला सारल्या.

थिएटरमध्ये मॅडमनी रेघ पाहिली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिली. आईने काढली का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि काम सुरू केलं.

त्या बिघडलेल्या भागाला थेट महाधमनीतून एक वेगळी रक्तवाहिनी आलेली होती. ती सीटी स्कॅनमध्ये दिसली होती, तिची तयारी होती, ती नीट बांधून कापली. पण न्यूमोनियाने आतलं सगळं एकमेकांना चिकटलं होतं. ते सोडवताना मागून दुसरी एक बारीक वाहिनी फाटली. एका क्षणात माझा पडदा लाल. मी काच पुसून परत आत घातली, परत लाल. साबुदाण्याचा एकही दाणा न पाडणाऱ्या त्या बाईला पडद्यावर काही दिसेना. त्या शांतपणे म्हणाल्या, कॅमेरा बाहेर, उघडतेय. आणि मी काढलेल्या रेघेवरून सुरी फिरली. सिस्टरने मोठी हत्यारं कधीच उघडून ठेवली होती, प्रत्येक वेळी ठेवावी लागायची. बापाने आणलेली पिशवी चढली. दहा मिनिटांत रक्त थांबलं. तासाभराने तो बिघडलेला भाग बाहेर आला. सुमेधचा रंग परत आला तेव्हा भूलवाल्या डॉक्टरांनी कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. मी भिंतीला टेकून उभा होतो.

सुमेधच्या आईने पट्टी बघितली. हे एवढं काय आहे, म्हणाली. मग अख्खा मजला गोळा झाला. तीन भोकं सांगितली होती, माझ्या पोराला फाडलं, असं ती ओरडत होती आणि तिचा नवरा तिला धरत होता. मॅडमनी तिला सगळं सांगितलं, रक्त कुठून आलं, का उघडावं लागलं, मूल आता कसं आहे. शेवटी म्हणाल्या, रेघ तुम्हीच काढली होतीत ना. ती म्हणाली, मी नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार गेली. मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्याकडून माझा एकेक शब्द वदवून घेतला, मी काय म्हणालो, ती काय म्हणाली. मग त्या असं बोलल्या की तसं मला आजवर कोणी बोललेलं नाही. म्हणाल्या, तुला वाटलं तू तिच्यावर दया केलीस. तिला तयार व्हायला जो एक वेळ होता तो तू खाल्लास. मी मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, ठीक आहे, मीटिंगमध्ये मी उभा राहीन, सांगेन, नोकरी गेली तर गेली.

मीटिंगला ट्रस्टींपैकी एक, ॲडमिनिस्ट्रेटर साहेब, सुमेधचे आईबाप, मॅडम, आणि दाराशी मी. आईने सांगितलं, मला म्हणाले, ही नुसती सवय आहे, काही होत नाही. ट्रस्टींनी विचारलं, कोण म्हणालं? ती माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"मी त्याला तसं सांगायला लावलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मला वेळ नव्हता. त्याने माझा निरोप दिला."

साहेबांचा चेहरा काय उजळला म्हणता. सुमेधच्या आईने मॅडमकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि मला गप्प करायला तुम्ही ह्यांना पाठवलंत. तुम्हाला स्वतःचं लेकरू नाही ना, म्हणून." आणखी बरंच बोलली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी दाराशी उभा होतो आणि माझं तोंड बंद झालं होतं. तेव्हा उघडता आलं असतं, नंतरही आलं असतं. नाही उघडलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. का केलंत असं? त्या म्हणाल्या, "स्थिर हात तयार व्हायला दोन वर्षं लागतात. पुढच्या मुलाला मी काय सांगू?" बस, एवढंच. माझ्यावर माया वगैरे काही नाही. माझ्या हातासाठी बाई खोटं बोलली. आयुष्यात एकदा खोटं बोलली आणि तेही माझ्या हातासाठी.

घरी आईला सांगितलं. आमची आई मालवणची, गिरणीतल्या माणसाबरोबर संसार काढलेली, तिला लागट बोलायला वेळ लागत नाही. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "गप कित्याक रवलंस?" गप्प का राहिलास, ह्या एका प्रश्नावरून मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मॅनेजमेंटने मॅडमना एक वाट दिली होती. रेघेचा प्रकार बंद करा आणि राहा. आता सांगा, रेघ माझ्यामुळे बदनाम झाली होती. सहा महिने बंद केली असती तर काय बिघडलं असतं? पुढची मुलं होती, माझा हात होता, ज्याच्यासाठी एवढं केलं. पण बाई ऐकेल तर शपथ. नाही म्हणाली. पंधरा दिवसांत ते तीन ओळींचं पत्र आलं. थर्मास उचलून त्या निघून गेल्या. आता नाहूरला घरीच असतात, आठवड्यातून दोन दिवस खाली सोसायटीच्या दवाखान्यात मुलांचा सर्दी-खोकला बघतात. ज्या बाईचा हात बोटभर जागेत चालायचा ती आता घशात टॉर्च मारून सिरप लिहून देते. आणि माझा स्थिर हात अपेंडिक्सच्या ऑपरेशनला कॅमेरा धरतो, तिथे कोणी धरला तरी चालतो. मला ट्रस्टींचा राग येतो, साहेबांचा येतो, माझा येतो, पण मॅडमचाही येतो, आणि तो कमी व्हायचं नाव घेत नाही.

सगळ्यात कहर पुढेच आहे. आता हॉस्पिटलच्या फॉर्मवर बाळाचं चित्र छापलंय. कुशीवर तुटक रेघ, छापील, तयार. पालकांनी खाली टिक करायची. स्मरणिकेत त्यावर लेख आहे म्हणे, 'आमची पारदर्शक परंपरा'. त्याच लेखाच्या शेजारी माझ्या गोड आठवणी यायच्या आहेत.

सुमेध वर्षातून एकदा तपासणीला येतो. त्या दिवशी मी थिएटरच्या बाहेर पडायचो नाही, डबासुद्धा आतच खायचो. दोन वर्षं असं केलं. पण ह्या वेळी तो आला त्याच सकाळी मला स्मरणिकेचा निरोप मिळाला होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी खाली गेलो. पोरगा एक्स-रेला आत गेला होता. आई बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर फाईल. तिने मला ओळखलं. म्हणाली, बरे आहात ना भाऊ, सुमेध आता सोसायटीत क्रिकेट खेळतो. मी तिच्या शेजारी न बसता समोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मॅडमनी मला काहीच सांगायला लावलं नव्हतं. रेघ त्यांना खरोखर तुमच्या हातची हवी होती. ते शब्द माझे, माझ्या मनाचे. मीटिंगमध्ये त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या.

मग तिने विचारलं की मीटिंगच्या आधी त्यांना हे माहीत होतं का. मी हो म्हटलं, मीच सांगितलं होतं.

"तीन वर्षं मी त्या बाईला शिव्या देतेय," ती म्हणाली. "पोराची पाठ चोळताना, रोज. त्यांना मूल नाही म्हणून मी बोलले, सगळ्यांसमोर बोलले. आणि खरं काय ते तुम्हाला दोघांना ठाऊक होतं. माझ्या तोंडून तुम्ही हे वदवून घेतलंत."

मी म्हटलं, ताई, चूक माझी आहे. मॅडमनी माझी नोकरी वाचवली, यात त्यांचा दोष नाही.

"आहे," ती म्हणाली. "तुमचं त्यांनी बघितलं. माझं कोणी बघितलं? त्यांचाही दोष आहे. पत्ता द्या मला त्यांचा."

मी फाईलच्या मागे पत्ता लिहून दिला. बिल्डिंग, विंग, मजला. तिने तो माझ्यासमोर मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. तेवढ्यात सुमेध बाहेर आला, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. तिने ती तशीच ठेवली, त्याचा हात धरला आणि गेटकडे चालायला लागली. बाहेर रिक्षा थांबवून ती रिक्षावाल्याला नाहूर म्हणाली ते मला दारातून ऐकू आलं.

मॅडमना आधी कळवावं असं माझ्या मनात आलं. ती येतेय, चिडलीय, तिला सगळं कळलंय, एवढं तरी सांगावं. मी मोबाइल काढला, त्यांचा नंबर काढला. मग परत खिशात टाकला आणि वर थिएटरमध्ये गेलो.